छोट्या कारखान्यात माणसं टिकवायची कशी आणि शिफ्ट लावायची कशी : नव्याने युनिट टाकणाऱ्यांसाठी

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा, गेटवर बोर्ड दिसतोच, 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे, व्हीएमसी सेटर पाहिजे, हेल्पर पाहिजे' (सीएनसी, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन, सेटर म्हणजे कामाप्रमाणे मशीन लावून देणारा). काही गेटवरचा बोर्ड तर वर्षभर उतरतच नाही. आता बघा, मशीन आज लोनवर कोणालाही मिळतं, जे तुमच्याकडे तेच शेजारच्या गाळ्यात, इन्सर्ट (धातू कापायची बदलती पाती) त्याच कंपनीचे, कस्टमर पण बऱ्याचदा एकच, मग त्याचा माल वेळेवर पोचतो आणि तुमचा रिजेक्ट होऊन परत येतो असं का होतं? माझं स्पष्ट मत आहे की फरक मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसात असतो. तो किती दिवस टिकलाय, त्याला काम कोणी शिकवलं, आणि उद्या आपली शिफ्ट कुठली हे त्याला आज माहितीय का, या तीन गोष्टींवर तुमची डिलिव्हरी आणि तुमचं रिजेक्शन ठरतं.

मोठ्या कंपन्यांत याला एम्प्लॉयी एंगेजमेंट आणि वर्कफोर्स मॅनेजमेंट म्हणतात आणि दोन्हीची डिपार्टमेंट वेगळी असतात. पंधरा ते पन्नास माणसांच्या युनिटमध्ये ही दोन कामं वेगळी करताच येत नाहीत, कारण ज्याला आयत्या वेळी फोन करून 'आज डबल कर' सांगितलं जातं त्याला तुम्ही दिवाळीला कितीही भारी मिठाईचा बॉक्स दिला तरी तो दुसरीकडे इंटरव्ह्यू देणारच. मी उदाहरणं मशीन शॉपची देतोय कारण तेच मी जवळून बघितलंय, पण फौंड्री, पॅकिंग, फॅब्रिकेशन सगळीकडे थोड्या फरकाने हेच लागू होतं.

पायरी १ : आधी मोजा

मागच्या सहा महिन्यांचं मस्टर काढा आणि एका कागदावर चार आकडे लिहा. किती माणसं सोडून गेली आणि त्यातली किती पहिल्या तीन महिन्यांतच गेली, महिन्याला एकूण खाडे किती, ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास किती, आणि रिजेक्शन शिफ्टप्रमाणे किती. शिफ्टप्रमाणे हे महत्त्वाचं, कारण एकूण रिजेक्शन सगळेच बघतात पण सेकंड शिफ्टला जास्त जातंय का, नवीन माणसाच्या मशीनवर जास्त जातंय का हे कोणी बघत नाही, आणि दुखणं नेमकं तिथेच असतं.

मग एका माणसाच्या जाण्याचा हिशोब करा. समजा तुमच्या मशीनचा तासाचा रेट ४०० रुपये आहे, आठ तास आणि पंचवीस दिवस धरले तर एका शिफ्टचे महिन्याला ८०,००० झाले. अनुभवी ऑपरेटर गेला, नवीन आला, पहिल्या महिन्यात तो सत्तर टक्के काढतो आणि दुसऱ्या महिन्यात पंच्याऐंशी टक्के. म्हणजे २४,००० आणि १२,०००, एकूण ३६,००० तिथेच गेले, त्यात वाढलेलं रिजेक्शन, तुटलेले इन्सर्ट आणि सेटरचा गेलेला वेळ धरलेलाच नाही. आणि तो जुना माणूस बहुतेक वेळा महिन्याला हजार-दीड हजार जास्त मिळतात म्हणून गेलेला असतो, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १८,००० आणि त्यावरचा पीएफ वगैरे. हा हिशोब तुमच्या आकड्यांनी स्वतः करून बघा, पगारवाढ द्यायची का नको या प्रश्नाकडे बघायची नजरच बदलते.

हे काही आजचं शहाणपण नाही. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये माणसं सोडून जायचं प्रमाण वर्षाला ३७० टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे एकाच जागेवर वर्षात तीन-चार वेळा माणूस बदलायचा. असेंब्ली लाइन नवीन, काम एकसुरी, लोक चार दिवस काम करून निघून जायचे. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाचा पगार पाच डॉलर म्हणजे जवळजवळ दुप्पट केला आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले, आणि १९१५ पर्यंत ते प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. पण त्याच फोर्डने पूर्ण पगाराला कोण पात्र हे ठरवायला कामगारांच्या घरी तपासनीस पाठवले, कोण दारू पितो, घर कसं ठेवतो हे बघायला, आणि ते लोकांना अजिबात आवडलं नाही. पगार द्या, पण माणसाच्या घरात डोकावू नका.

पायरी २ : पगार, ओटी, उचल

पगार ठरलेल्या तारखेला झाला पाहिजे. सात तारीख म्हणजे सात तारीख, कस्टमरचं पेमेंट अडकलं तरीही. कारण त्याचं रूमचं भाडं, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे सगळं त्या तारखेवर बांधलेलं असतं, आणि दोनदा पगार लेट झाला की चांगला माणूस सगळ्यात आधी जातो, कारण त्यालाच बाहेर लगेच काम मिळतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), त्यात माणसाच्या पगारातून ०.७५ टक्के आणि तुमचे ३.२५ टक्के. वीस झाली की पीएफ. दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती पण लागते, आणि शॉपफ्लोअरवर एकच मुलगी आहे म्हणून ती टाळायची नसते. ओटी दुप्पट दराने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर आणि सोडून गेल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब हे आलंय, त्यामुळे कन्सल्टंटबरोबर एकदा बसून आपली सगळी कागदपत्रं तपासून घ्याच. ठेकेदाराची माणसं असतील तर दर महिन्याला त्याच्याकडून पीएफ-ईएसआयचं चलन मागा, त्याने नाही भरलं तर जबाबदारी फिरून तुमच्याकडेच येते.

उचलीचं मात्र नीट ठरवा, बरेच नवीन मालक इथेच अडकतात. मागेल त्याला तोंडी उचल दिली की काही माणसं कायम कर्जात राहतात आणि जे मागत नाहीत त्यांना वाटतं मालक ठराविक लोकांचाच आहे. सरळ नियम करा, उचल जास्तीत जास्त किती, किती हप्त्यांत कापणार, वर्षातून किती वेळा, आणि तो नियम नोटीस बोर्डवर लावा. दवाखाना आणि मयत याला वेगळा नियम ठेवा, तिथे विचारणा न करता त्याच दिवशी पैसे द्या. त्या दिवशी तुम्ही कसे वागलात हे माणूस विसरत नाही आणि इतर सगळे पण बघत असतात.

जमशेदपूरच्या टाटा स्टीलने १९१२ मध्ये आठ तासांची पाळी आणली, १९२० मध्ये पीएफ आणि पगारी रजा, १९३४ मध्ये नफ्यातून बोनस. कायद्याने सक्ती व्हायच्या कितीतरी आधी. पोलाद हा काही मऊ धंदा नाही, तिथे भट्टीवर सरावाचा माणूस लागतो आणि तो दर महिन्याला बदलून चालत नाही.

पायरी ३ : वर्षाचं कॅलेंडर आणि शिफ्टचा तक्ता

हा भाग नीट वाचा कारण सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि खर्च जवळजवळ शून्य.

पहिलं, माणसं किती लागतात हेच बहुतेकांचं चुकतं. सहा मशीन, दोन शिफ्ट, म्हणजे बारा ऑपरेटर, असा हिशोब करून बारा भरतात. पण माणूस आजारी पडतो, गावी जातो, मुलाच्या शाळेत जातो. महिन्याच्या पंचवीस-सव्वीस दिवसांत सुट्टी आणि खाडे मिळून सरासरी अडीच दिवस धरले तर दहा टक्के झाले, म्हणजे बारा जागा रोज भरलेल्या हव्या असतील तर तेरापेक्षा जास्त माणसं लागतात, चौदा ठेवा. मालक म्हणतो दोन जास्तीचे पगार कशाला, आणि मग तेच पैसे दुप्पट दराच्या ओटीत, बंद मशीनमध्ये आणि लेट डिस्पॅचमध्ये घालवतो. जास्तीची माणसं रिकामी बसत नाहीत, ज्या दिवशी सगळे हजर असतील त्या दिवशी ती इन्स्पेक्शनला, डिबरिंगला (नगाच्या धारदार कडा साफ करायला) किंवा दुसरं मशीन शिकायला जातात.

दुसरं, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट. छोट्या युनिट्समध्ये हे सर्रास चालतं, 'आठ ते आठ'. हिशोब करा, आठवड्याचे सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास, त्यातले ४८ साधे, उरलेल्या २४ ला दुप्पट म्हणजे ४८, एकूण ९६ तासांचा पगार. दोन माणसांचे १९२. तेच मशीन तीन माणसांनी आठ-आठ तास चालवलं तर १४४. म्हणजे ओटी कायद्याने देत असाल तर बारा तासांची शिफ्ट तुम्हाला महाग पडते, आणि देत नसाल तर तुम्ही माणसाच्या खिशातून मशीन चालवताय. ओटीच्या तासांना तिमाहीची मर्यादा पण आहे, ती वेगळीच. शिवाय अकराव्या-बाराव्या तासाला माणूस व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) नीट लावत नाही, लावला तरी रीडिंग बघून सोडून देतो, आणि अपघाताचा धोका पण तेव्हाच वाढतो. तीन शिफ्ट नसतील जमत तर दोनच चालवा, साडेआठ-साडेआठ तासांच्या, पण बारा तासांची सवय लावू नका.

तिसरं, तक्ता. पुढच्या आठवड्याची शिफ्ट या आठवड्याच्या मधेच बोर्डवर लागली पाहिजे, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण टाका. शिफ्ट बदलायची तर फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून थर्ड अशी पुढे सरकवा, उलटी फिरवली की झोपेचं गणित बिघडतं. रात्री बाराला सुटलेल्या माणसाला सकाळी सातला कधीच बोलावू नका, तो आला तरी काम करायच्या अवस्थेत नसतो. दोघांना आपसात शिफ्ट बदलायची असेल तर बदलू द्या, फक्त सुपरवायझरला आदल्या दिवशी सांगायचं आणि दोघांनाही ते मशीन येत असलं पाहिजे.

चौथं, वर्षाचं कॅलेंडर. तुमची माणसं कुठून आलीत ते आधी बघा. लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याची मुलं असतील तर एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, जूनमध्ये पेरणी. कोकणातली असतील तर शिमगा आणि गणपती. बिहार, पूर्व उत्तर प्रदेशची असतील तर होळी, आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणारी छठ, म्हणजे तो दिवाळीला गेला की छठ करूनच परत येणार, तुम्ही चार दिवसांची सुट्टी दिली तरी. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये लाइन बंद पडते आणि 'ही माणसं बेभरवशाची' असं म्हटलं जातं. बेभरवशाचं काय आहे त्यात, तारीख तर पंचांगात छापलेली असते!

यावर साधा उपाय सांगतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं ॲडव्हान्स रिझर्व्हेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे माणसाला तिकीट काढायचं तर सुट्टी मंजूर आहे का हे त्याला दोन महिन्यांच्या आधी कळलं पाहिजे. तुम्ही अडीच महिने आधी यादी लावा, कोण दिवाळीला जाणार, कोण गणपतीला जाऊन दिवाळीला थांबणार, आणि एकाच मशीनची दोन्ही माणसं एकदम जाणार नाहीत असं त्यांच्यातच बसून ठरवू द्या. ज्याची सुट्टी आधी पक्की झाली त्याच्याकडे परतीचं तिकीट पण असतं. ज्याला शेवटपर्यंत 'बघू' सांगितलं तो न सांगता जातो, जनरल डब्यातून जातो, आणि परत कधी येईल ते त्यालाही माहीत नसतं. मग त्या यादीप्रमाणे कस्टमरला आधीच सांगून स्टॉक करून ठेवता येतो, ऑक्टोबरमध्ये दहा टक्के जास्त काढायचं की नाही हे ऑगस्टमध्ये ठरतं.

सॉफ्टवेअर लागत नाही. पन्नास माणसांपर्यंत एक्सेल आणि भिंतीवरचा बोर्ड पुरतो. बायोमेट्रिक घ्या, पण हजेरीत गडबड झाली तर त्याच दिवशी दुरुस्त करायची पद्धत ठेवा, पगाराच्या दिवशी भांडण नको.

पायरी ४ : कोणाला काय येतं, हे भिंतीवर लावा

एक मोठा कागद घ्या. उभ्या बाजूला माणसांची नावं, आडव्या बाजूला मशीन आणि ऑपरेशन. प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कोणीतरी बघायला असेल तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात, कस्टमरच्या ऑडिटला हे मागतातच. आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या पार्ट्स बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड) मध्ये तर ट्रेनिंगच्या जोडीला कर्मचाऱ्यांच्या मोटिव्हेशनचा वेगळा मुद्दाच आहे, ७.३.२ नंबरचा. पण बहुतेक ठिकाणी हा तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो, आणि तिथेच संधी वाया जाते.

तक्ता खरा भरा, मग एकच गोष्ट शोधा : कुठल्या कॉलममध्ये तीन किंवा चार भाग भरलेला फक्त एकच माणूस आहे? तिथे तुमचा कारखाना त्या एका माणसाच्या तब्येतीवर चाललाय. तिथे पुढच्या तीन महिन्यांत दुसरा माणूस तयार करायचाच. आणि प्रत्येक भरलेल्या भागाला पगारात काहीतरी ठेवा, दोनशे-तीनशे का असेना, तक्त्याबरोबर वाढलेलं. आयटीआय करून आलेल्या पोराला पाच वर्षांनी आपण कुठे असू हे दिसत नाही म्हणून तो फूड डिलिव्हरीला जातो, तिथे निदान आजच्या कामाचे पैसे आज दिसतात. त्याला हेल्पर ते ऑपरेटर, ऑपरेटर ते सेटर, सेटर ते प्रोग्रॅमर हा रस्ता आकड्यांसकट भिंतीवर दिसू दे.

शिकवायची पद्धत पण जुनी आणि पक्की आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम होता, त्यात चार पायऱ्या होत्या. आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा, मग काम करून दाखवा आणि कुठे का लक्ष द्यायचं ते सांगा, मग त्याला करायला लावा आणि त्याच्याच तोंडून कारण वदवून घ्या, मग सोडा पण अधूनमधून बघत राहा. आपल्याकडे 'त्याच्याजवळ उभा राहा, बघ, शिकशील' एवढंच होतं. त्यातून हात चालायला लागतो, पण ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) का बदलायचा हे कळत नाही.

अप्रेंटिस घेत असाल तर नॅप्समधून (केंद्र सरकारची अप्रेंटिस योजना) स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. ४ ते २९ माणसांच्या युनिटला अप्रेंटिस घेणं ऐच्छिक आहे, ३० पासून पुढे सक्तीचं.

पायरी ५ : नवीन माणसाचा पहिला महिना

सोडून जाणाऱ्यांत पहिल्या काही आठवड्यांत जाणारे खूप असतात. पहिल्या दिवशी गेटवर त्याचं नाव माहीत असलेला माणूस पाहिजे. लॉकर, सेफ्टी शूज, पाणी, बाथरूम, डबा कुठे खायचा हे दाखवा, आणि एक जोडीदार ठरवून द्या जो पहिले पंधरा दिवस त्याच्याबरोबर जेवेल. एकटा डबा खाणारा माणूस टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी मालकाने स्वतः पाच मिनिटं बोलायचं : रूम मिळाली का, काम समजतंय का, कोणी त्रास देतंय का.

पायरी ६ : सुपरवायझर

सगळ्यात चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करतात आणि त्या दिवशी चांगला ऑपरेटर पण जातो आणि सुपरवायझर पण मिळत नाही, कारण माणसांशी बोलायचं कसं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. त्याला जे वरून मिळतं तेच तो खाली देतो, तुम्ही त्याला सगळ्यांसमोर ओरडलात तर तो ऑपरेटरला ओरडणार. म्हणून सुरुवात तुमच्यापासून.

त्याला चार गोष्टी शिकवा. चूक झाली तर बाजूला घेऊन बोलायचं, चांगलं काम झालं तर सगळ्यांसमोर सांगायचं. बिघडलेला जॉब (मशीनवरचा नग) कोणी स्वतःहून आणून दाखवला तर त्याला त्या क्षणी काहीही बोलायचं नाही, आधी थँक्यू म्हणायचं, कारण एकदा शिवी खाल्ली की पुढचा बिघडलेला जॉब चांगल्या मालात मिसळून थेट कस्टमरकडे जातो आणि मग शंभर टक्के सॉर्टिंगला (एकेक नग तपासून वेगळा करायला) तुमचीच माणसं पाठवावी लागतात. काम वाटताना चांगलं मशीन कायम आपल्या गाववाल्याला द्यायचं नाही. आणि शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून सांगायचं, काल किती काढलं, काय बिघडलं, आज काय जायचंय. मराठी-हिंदी मिसळून चालेल, पण ओडिशाचा मुलगा मागे उभा राहून नुसती मान हलवत असेल तर ते सांगणं झालं नाही असं धरायचं.

सुपरवायझरचं मोजमाप फक्त प्रॉडक्शनवर करू नका. त्याच्या शिफ्टमधून किती जण सोडून गेले हे पण दर महिन्याला त्याच्यासमोर ठेवा.

पायरी ७ : ऐका, आणि उत्तर द्या

टोयोटात १९५१ पासून कामगारांच्या सूचनांची पद्धत चालू आहे आणि तिथे लाइनवरचा साधा कामगारसुद्धा दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. आपल्याकडे सूचनापेटी लावतात, तिला कुलूप लावतात आणि किल्ली हरवते. पेटी नको, बोर्ड लावा. सूचना, तारीख, कोण बघणार, उत्तर काय. सात दिवसांत उत्तर, मग ते 'नाही जमणार, कारण असं' असलं तरी चालेल. सुरुवातीला सूचना पंखा, पाणी, टॉयलेट याच्याच येतील, त्या आधी पूर्ण करा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या माणसाने कूलर मागितला तर ती प्रॉडक्शनचीच सूचना आहे. ते झाल्यावरच फिक्श्चर (नग मशीनवर पकडायची चौकट), टूल लाइफ, चिप साफ करायची पद्धत असल्या सूचना यायला लागतात, आणि तिथे सायकल टाइममधले (एका नगाला लागणाऱ्या वेळातले) जे चार-पाच सेकंद वाचतात ते पुढच्या कोटेशनला तुमच्या कामी येतात.

प्रत्येक माणसाशी तीन-चार महिन्यांतून एकदा बोला, तो राजीनामा देईल तेव्हा नाही. काय चांगलं चाललंय, काय बदललं तर बरं होईल, नवीन काय शिकायचंय, एवढंच विचारा आणि वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तिथून सुरू करता येतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा सगळीकडे होते, त्या दिवशी ज्याचं मशीन आहे त्याच्या हाताने नारळ फोडा, मालकाच्या नाही.

पायरी ८ : माणूस जातो तेव्हा

सगळं करूनही काही जण जाणारच, कोणाला मोठ्या कंपनीत लागतं, कोणाला गावी जावं लागतं. त्याला अडवून ठेवू नका, पगार रोखू नका. मुदतीत हिशोब करा, एक्सपिरियन्स लेटर द्या, आणि पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख लगेच टाका, ती टाकायची राहिली की त्याचे पैसे काढताना आणि ट्रान्सफर करताना त्याला त्रास होतो आणि तो ते दहा जणांना सांगतो. जाताना विचारा, कशामुळे गेलास, कोण काय म्हणालं, इथे काय बदललं असतं तर थांबला असतास. पहिल्या वेळी 'घरची अडचण' हेच उत्तर येईल, महिन्याभराने फोन केलात तर खरं सांगेल. तेव्हा त्याला हेही सांगा की तिकडे नाही जमलं तर सहा महिन्यांत परत ये, जागा असेल तर त्याच पगारावर घेऊ, आणि त्याचा नंबर वहीत तसाच राहू द्या.